टीटी-४१२ ब

सील सँड्सला फेब्रुवारीतला वारा समुद्रावरून सरळ येतो,
पाइपांच्या जाळीत शिरून आडवातिडवा होतो,
आणि तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेमका
कॉलरच्या आत.
परमिटवर सही झाली. बायपास मिळाला.
पुढचे दोन तास रिअॅक्टर
या एकाच्या साक्षीवाचून चालणार;
अ आणि क जागे आहेत.
एरवी तिघांत दोघांचं जमलं तरच झडप पडते,
अशी इथली पंचायत.

नेविल थर्कल झाकणाचे आटे सोडवतो.
एकतीस वर्षं हेच करतोय, तरी झाकण निघताना
मान जराशी झुकवतो,
ठेंगण्या चौकटीतून कुणाच्या घरात शिरावं तशी.

सेन्सरच्या वायरी सोडल्या. त्यांच्या जागी
माझी पेटी, नुसत्या ओहमची.
आता आम्ही याला खोटं सांगणार.
एकशे अडतीस पॉइंट पाच एक: घे, शंभर अंश.
दहा पॉइंट चार, तो म्हणतो. बरोबर.
एकशे पंचाहत्तर पॉइंट आठ सहा: दोनशे.
सोळा पॉइंट आठ.
माझी बोटं बधिर झालेली,
आणि त्याला दोनशे अंश पटतात.

मग एक वायर मोकळी सोडते.
लगेच एकवीसच्या वर उडी, खाली हॉर्न,
रेडिओवर कुणीतरी, "आलं, दिसलं."
हा दोष गुणाचा. ओरडतो तरी.
बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे.
आमचा पगार
न बोलणाऱ्याच्या गव्हासाठी:
आतून किडलेला, आणि वरून
एकशे बेचाळीस अंश, एकशे बेचाळीस अंश,
शिफ्टमागून शिफ्ट,
भांड्यात मात्र काहीतरी चढत चाललेलं.

"कसा आहेस?" सकाळी गेटवर विचारलं होतं.
"नॉट बॅड, पेट."
नोव्हेंबरात मॉरीन गेली, त्या आठवड्यातही
नॉट बॅड.
स्मशानातून परत येताना, गाडीत, काच खाली करत,
नॉट बॅड.

ट्रिपचा आकडा शेवटी. हळूहळू चढवते,
एकशे त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी,
पंधरा पॉइंट आठ चारला रेडिओ म्हणतो,
"मत पडलं."
नेविल आकडे वाचतो, मी लिहिते:
अपेक्षित, मोजलेलं, फरक.

मॅन्युअलच्या परिशिष्टात, शेवटून दुसऱ्या पानावर, लिहिलंय
की हे सगळं नीट केलं तरी
शंभर दडलेल्या दोषांतले चौऱ्याण्णव सापडतात.
उरलेले सहा गणितात धरलेत.
म्हणजे त्यांना आकडा आहे,
पत्ता नाही.

वायरी परत जागेवर. नेविल एकेक
दोन बोटांत धरून ओढून बघतो. हे फॉर्मवर नाही.
"ओढल्याशिवाय कळत नाही," एवढंच बोलतो.
मग बायपास काढला का, ते रेडिओवर दोनदा विचारतो,
दुसऱ्यांदा जरा चिडून.

शिडीच्या पायरीवर बसतो. थर्मास उघडतो.
खाली चिखलावर पाचसहा सील पडलेत,
कुणीतरी विसरलेल्या गोण्यांसारखे.
एक घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो.
"साखर तीच घालायची," कपात बघत म्हणतो.
"किती, ते कधी विचारलं नाही.
आता रोज वेगळीच होते."

मी फॉर्मकडे बघते. शेऱ्याच्या रकान्यात
'समाधानकारक' लिहून झालंय,
खाली पुढची तारीख: याच महिन्यात, पुढच्या वर्षी.
तेवढ्यात तो कप पुढे करतो.
"चाख. सांग."

पाक होता नुसता. दात शिवशिवले.
"एक चमचा कमी," मी म्हटलं.
त्याने खिशातून पेन काढलं,
टोपण दातांत धरलं,
आणि थर्मासच्या बुडाला
चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून ठेवलं.